शून्य मिलिलिटर

श्रोतेहो, नमस्कार. आज पित्तगळतीबद्दल बोलायचं आहे. ‘मला पित्त झालंय’ असं म्हणताना आपण ज्याला दोष देतो, ते जठरातलं आम्ल. ते वेगळं. मी म्हणते ते यकृतातलं खरं पित्त. यकृत ते दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर तयार करतं आणि नळ्यांमधून आतड्यात सोडतं. या नळ्यांना कुठे भोक पडलं की पित्त पोटाच्या पोकळीत झिरपू लागतं. अपघातात यकृत फाटलं, यकृताचा भाग काढला, तर हे होऊ शकतं. पण बहुतेकदा होतं ते पित्ताशय काढल्यावर. पित्ताशयाची कापलेली नळी बंद करणारी क्लिप निसटते किंवा यकृताला चिकटलेली एखादी केसासारखी नळी उघडी राहते.

आता माझ्या गणिताच्या सरांची गोष्ट सांगते.

मी तेव्हा निवासी डॉक्टर होते. वॉर्डात गणिताचे एक निवृत्त शिक्षक होते. दुर्बिणीतून पित्ताशय काढून चौथा दिवस. पोट फुगलेलं, उजवीकडे दुखणं, अंगात कणकण, अन्नावर वासना नाही. डोळे मात्र पांढरे स्वच्छ आणि रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे कावीळ झाली की वाढतं ते पित्तातलं पिवळं द्रव्य, जवळजवळ नॉर्मल. म्हणून आम्ही सगळे ‘गॅस’ म्हणत राहिलो. (ऑपरेशन झालेल्या माणसाला तपासायचा कंटाळा आला की ‘गॅस’ हा शब्द सुचतो, असं माझं स्पष्ट मत आहे.) लक्षात ठेवा, कावीळ नाही म्हणजे गळती नाही, असं नसतं. पुन्हा सांगते, कावीळ नसतानाही पित्त गळत असू शकतं.

शेवटी सोनोग्राफी केली. यकृताखाली पाणी दिसलं. सोनोग्राफी पाणी दाखवते, पाण्याचा रंग दाखवत नाही. सुई घातली, तर सिरिंजमध्ये हिरवट सोनेरी पित्त. लगेच ते बाहेर पिशवीत काढायला पोटात नळी बसवली, अँटिबायोटिक सुरू केलं. पहिल्या 24 तासांत पिशवीत 420 मिलिलिटर जमलं.

सरांनी चौकटीची वही मागवली आणि आलेख काढायला घेतला. 420. दुसऱ्या दिवशी 390. तिसऱ्या दिवशी 360. चौथ्या सकाळी मी पिशवी पाहिली तर शून्य! मी आनंदाने म्हटलं, “सर, गळती थांबली!”

सरांनी चश्मा नाकावर सरकवला. “डॉक्टर, दोन दिवस आकडा तीस-तीसने उतरला. आज एकदम तीनशे साठने? गळती थांबली की नळी तुंबली, ते आधी बघा.”

मी हसले. हो, हसले. संध्याकाळी त्यांना 102 ताप. धावत जाऊन नळीत सलाईन सोडलं, आतला गाळ सुटला आणि पिशवी माझ्या डोळ्यांदेखत भरत गेली. सरांनी वहीतलं शून्य खोडलं नाही. त्याभोवती गोल करून शेजारी लिहिलं, ‘निरीक्षकाची चूक’. अक्षर फार सुंदर होतं. हल्ली मोबाइलवर रिपोर्टचे तारीख नसलेले फोटो येतात, तेव्हा मला ती वही हटकून आठवते.

दुसऱ्या दिवशी ईआरसीपी झाली. तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, पित्तनलिकेत रंगद्रव्य सोडतात आणि एक्स-रेवर पाहतात. सरांच्या पित्ताशयाच्या कापलेल्या नळीच्या टोकाशी रंग धुरासारखा बाहेर पडताना दिसला. पित्तनलिकेच्या तोंडाशी एक स्नायूची झडप असते. रुग्गेरो ओडी या इटलीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्याने 1887 साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती ओडीची झडप. ती बंद असली की नळीत दाब राहतो आणि पित्त भोकातून बाहेर पडतं. म्हणून झडपेला छोटा छेद देऊन आत प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. खाली वाट मोकळी झाली की पित्त तिकडेच जातं आणि भोक आपोआप भरून येतं.

“म्हणजे भोक बुजवलंच नाही?” सरांनी विचारलं. “नाही, सर.” त्यावर ते बराच वेळ खूश होते.

बाकीचं थोडक्यात. नळीतून येणारं पाणी पित्तच आहे का, अशी शंका असेल, तर त्यातलं बिलिरुबिन मोजतात. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी किंवा त्यापुढे ते रक्तातल्या प्रमाणाच्या तिप्पट किंवा अधिक निघालं, तर गळती धरतात. गळती चालूच आहे का हे हायडा स्कॅन, म्हणजे शिरेतून दिलेलं किरणोत्सारी द्रव्य पित्तातून कुठे जातं ते टिपणारी तपासणी, सांगतो; नळ्यांचा नकाशा एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय, दाखवते. मुख्य पित्तनलिकाच कापली गेली असेल, तर मात्र स्टेंटने भागत नाही. आतडं नळीला जोडावं लागतं, आणि ते काम अशा शस्त्रक्रियांचा सराव असलेल्या सर्जननेच करावं. घाईत नको.

आणि घरी गेल्यावर? पोट रोज थोडं थोडं हलकं व्हायला हवं. दुखणं वाढलं, ताप आला, पोट फुगलं, तर थांबू नका. पोटात नळी असेल तर रोजचा आकडा लिहा. आकडा एकदम शून्यावर आला, तर पेढे वाटायच्या आधी डॉक्टरांना कळवा. एकदम शून्य, तर आधी फोन.

सरांचा आकडा पुढे 180, 60, 15 असा उतरला आणि नळी निघाली. स्टेंट साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात. विसरला तर तो तुंबतो आणि जंतुसंसर्ग होतो. सर दिलेल्या तारखेला, वही घेऊन, अर्धा तास आधीच हजर. ती वही मी त्यांच्याकडे मागितली.

“गोल केलेलं शून्य तुम्हाला फाडायचं असणार,” ते म्हणाले, आणि वही पिशवीत ठेवली.