नायक सुधाकर, मग भाषेत तळीराम कसा?

नमस्कार मंडळी! ३१ डिसेंबर जवळ आला की पेपरात एक बातमी ठरलेली: 'तळीरामांवर पोलिसांची नजर'. हा तळीराम मूळचा कुठला? राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'मधला. आणि गंमत म्हणजे तो नाटकाचा नायक नाहीच. नायक सुधाकर. हुशार वकील, दारूपायी संसाराची राखरांगोळी करतो तो. पण भाषेत जाऊन बसला त्याचा कारकून!

असं का झालं? तो पहिल्या प्याल्याचा प्रवेश आठवा. सुधाकराचा कोर्टात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडालाय, वकिलीची सनद काही काळासाठी रद्द झालीय, अपमान डोक्यातून जात नाहीये. तेवढ्यात तळीराम येतो. मला तरी त्यात कसला डाव दिसत नाही. त्याला मालकाची खरंच कीव आलीय, आणि त्याच्या पोतडीत औषध एकच आहे. 'डोकं दुखतंय? ही गोळी घ्या' म्हणणाऱ्या शेजाऱ्यासारखा तो प्याला पुढे करतो. सरळसरळ कपटी माणूस असता तर आपण सावध झालो असतो. इथे आपण हसत हसत फसतो, सुधाकरासारखेच.

मग त्याचं ते 'आर्यमदिरामंडळ'! एकीकडे मवाळ, एकीकडे जहाल, शेजारी शास्त्री, त्याच्या शेजारी खुदाबक्ष. १९०७मध्ये सुरतेला काँग्रेसमधले मवाळ-जहाल फुटले होते. गडकऱ्यांनी त्यांना बाटलीपाशी एकत्र बसवलं. प्रेक्षक हसून लोटपोट.

आणि मग तोच तळीराम अंथरुणाला खिळतो. उशाशी वैद्य आणि डॉक्टर, दोघांची जुंपलेली. आपण हसतोय, आणि हसता हसता लक्षात येतं, अरे, हा माणूस मरतोय. त्याच क्षणी नजर सुधाकराकडे जाते. गाडी तीच, रूळ तेच, तळीराम फक्त एक स्टेशन आधी उतरला.

आता तळीरामाची बायको, गीता. माझी सगळ्यात आवडती. सुधाकराची बायको सिंधू सोसत राहते, 'कशी या त्यजू पदाला' गाते, शेवटी नवऱ्याला वाचवायला फौजदाराशी खोटंही बोलते. आज बघताना तिचा राग येतो, खरं सांगा, येतो ना? तो राग गीता रंगमंचावरच बोलून दाखवते. नवरा तिचाही दारुडाच, पण तिची जीभ गहाण पडलेली नाही. ती नसती तर सिंधू देव्हाऱ्यातली मूर्ती झाली असती.

सगळेच जमलेत असं नाही हं. सुधाकराचा मित्र रामलाल, त्याची भाषणं... प्रयोगात कात्री लागली तर मी तक्रार करणार नाही. भगीरथ मात्र हवाच. तो दारूतून बाहेर पडतो, म्हणजे दार उघडं होतं. सुधाकराला नशिबाची सबब उरत नाही.

गडकरी जानेवारी १९१९मध्ये गेले. गंधर्व नाटक मंडळीने नाटक रंगभूमीवर आणलं ते त्यानंतर, त्याच वर्षी. लोक बालगंधर्वांच्या सिंधूची पदं ऐकायला आले आणि तळीरामाला घरी घेऊन गेले.

आजही सुधाकर नावाचे एक तरी काका प्रत्येकाला असतात. त्यांना बघून कुणाला दारू आठवत नाही. मुलाचं नाव तळीराम ठेवलेलं कुणी भेटलंय का तुम्हाला?