डेव्हिड ट्रॅम्पियर : खेळायला शिकवणारी चित्रे

मित्रहो, 24 मार्च 2014 रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या कार्बनडेल या गावी डेव्हिड ट्रॅम्पियर यांचे निधन झाले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांच्या घरांत त्यांची चित्रे पोहोचली, पण चित्रकार मात्र अनेकांना अपरिचितच राहिला, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलावेसे वाटले.

या खेळात एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापले पात्र काय करते ते सांगतात आणि शंका आली की फासे निकाल देतात. सारे काही बोलण्यातून घडत असल्यामुळे पुस्तकातले चित्र इथे शोभेपुरते नसते; समोरचे अंधारे दालन सर्व खेळाडूंच्या मनात एकाच वेळी उभे करण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या खेळातल्या अद्भुत प्राण्यांच्या पुस्तकामध्ये चित्रकार डेव्हिड सदरलंड यांच्या बरोबरीने ट्रॅम्पियर यांनी ती पेलली. त्यांच्या शाईकामातला गडद काळा रंग आणि त्यातून उसळून येणारा पांढरा प्रकाश यांमुळे कल्पनेतला प्राणीसुद्धा वजनदार, खराखुरा वाटतो.

त्यांचे सर्वश्रेष्ठ काम मात्र, माझ्या मते, 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या खेळाडूंसाठीच्या नियमपुस्तकाचे मुखपृष्ठ हेच आहे. एक प्रचंड मूर्ती बसलेली आहे, तिच्यापुढे ज्वाळा उठत आहेत आणि दोन चोर तिच्या डोक्यापर्यंत चढून डोळ्याच्या जागी बसवलेले रत्न उचकटत आहेत. खाली सरड्यासारख्या माणसांची प्रेते ओढून नेली जात आहेत, कोणी तलवार पुसतो आहे, कोणी नकाशावर खल करतो आहे. लढाई संपलेली आहे! दुसऱ्या कोणी इथे नायकाने उगारलेली तलवार रंगवली असती. ट्रॅम्पियर यांनी लढाईनंतरची कामे रंगवली, आणि या खेळात शौर्याइतकीच हाव, सावधगिरी आणि मसलत लागते हे नियमांचे एकही पान उलटण्यापूर्वी नव्या खेळाडूला कळले.

याच खेळाला वाहिलेल्या ‘ड्रॅगन’ मासिकातली ‘वर्मी’ ही त्यांची चित्रमालिका 1977 पासून चालू होती. 1988 मध्ये ती अर्ध्यावरच थांबली आणि ते या क्षेत्रातून पूर्णपणे बाहेर पडले. पुढे 2002 साली कार्बनडेलमधल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने एका टॅक्सीचालकावर लेख छापला, तेव्हा तो चालक म्हणजे ट्रॅम्पियरच असल्याचे वाचकांच्या ध्यानात आले. ते हे क्षेत्र सोडून का गेले, याचे तर्क आजही लढवले जातात. मला ते अनुचित वाटते. ज्याने इतके दिले त्याला मौनाचा हक्क आपण मोकळ्या मनाने द्यायला हवा.

आयुष्याच्या अखेरीस गावातल्याच एका खेळ-संमेलनात आपली मूळ चित्रे मांडण्यास ते तयार झाले होते. संमेलनाला थोडेच आठवडे उरले असताना ते गेले.