सायकलवर, चढावर ताशी ३ किलोमीटर जास्तीचा हट्ट

नमस्कार मंडळी! समोर चढ दिसला की आपण काय करतो? खालूनच जोर काढतो, म्हणजे निम्मा चढ त्या दणक्यातच पार होईल. पुलाच्या चढाला हे खपून जातं. लांबलचक घाटात मात्र तिसऱ्याच मिनिटाला मांड्या भरून येतात आणि पुढे सायकल हातात धरून चालावं लागतं. मी चाललोय, म्हणून सांगतो.

आता जरा हिशेब. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो. चढ ८ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. ताशी ९ किलोमीटरने चढायला साधारण १७० वॉट लागतात. ताशी १२ म्हटलं, की २३०च्या आसपास! वेग फक्त ३ने वाढला, पण पायांना हा फरक फार मोठा आहे. म्हणून सुरुवातीला एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता येईल, इतक्याच जोराने चला. लोक पुढे जातील. जाऊ देत.

हळू चढायला हलका गिअर हवा. पुढच्या चक्राला ३४ दाते, मागच्यालाही ३४ असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.१ मीटर सरकते. मिनिटाला ७० फेरे, की झाले ताशी जवळपास ९ किलोमीटर. मागचं सगळ्यात मोठं चक्र २५ दात्यांचंच असेल, तर त्याच वेगाला जेमतेम ५२ फेरे होतात. मग गुडघे कुरकुरणारच. मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बसवण्यात कसली आलीय लाज?

आणि गिअर पेडल जड व्हायच्या आधी बदला. चेन ताणलेली असताना बदललात, तर कडकड आवाज येतो, कधी चेनच उतरते. बदलताना अर्धा फेरा पाय सैल सोडा.

उभं राहायचंय? जरूर, पाठीला आराम मिळतो, पण दमही लवकर लागतो. उठण्याआधी एक-दोन गिअर जड करा आणि पाय खाली दाबतानाच उठा. नाहीतर सायकल क्षणभर मागे येते आणि मागच्याचं चाक तुमच्या चाकाला घासतं. त्याच्या शिव्या मी खाल्ल्यात!

हेअरपिन, म्हणजे जवळपास उलट फिरणाऱ्या वळणाची आतली बाजू जास्त खडी असते. आपल्या लेनमध्ये राहून जमेल तेवढं बाहेरून घ्या.

माथ्यावर पोचलात की आधी जॅकेट चढवा. घामेजल्या अंगाने उतार लागला, की दात वाजायला लागतात आणि ब्रेकवरची बोटं आखडतात.