काउंटरवरच्या किल्ल्या

(दृश्य: पहिल्या पावसानंतरचा ओला रस्ता. कृषी सेवा केंद्रासमोर बैलबंड्या, मोटारसायकली, गर्दी.)

मृग बरसला की वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या बाजारगावांत कृषी सेवा केंद्रवाल्याला जेवायचीही सवड मिळत नाही. कपाशीचं बियाणं, तूर, डीएपी, युरिया. वर्षभराच्या कमाईचा मोठा वाटा याच काही आठवड्यांत गल्ल्यात पडतो.

या काउंटरकडे जरा नीट पाहा. इथं खताचं ई-पॉस यंत्र आहे. शेतकऱ्याची आधारवर ओळख पटली की मगच अनुदानाचं पोतं हलतं. बाजूला क्यूआर कोडची पाटी आणि पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा साउंडबॉक्स. मागे बिलाचा कॉम्प्युटर, कोपऱ्यात कॅमेरा, माळ्यावर त्याचं चित्रण साठवणारा डबा म्हणजे डीव्हीआर, आणि वाय-फायचा राउटर. आणि सगळ्यांच्या मधोमध दुकानदाराचा मोबाइल. बँक त्यातच, उधारीचा हिशेब त्यातच, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर पोरांचा गेमही त्यातच.

2016 साली यूपीआय आलं. त्यानंतर एकेक यंत्र दुकानात येत गेलं आणि दरवेळी वेगळ्याच माणसानं ते बसवून दिलं. शटरच्या किल्ल्या किती आणि कोणाकडे, हे दुकानदार झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण डीव्हीआरचा पासवर्ड? तो कॅमेरेवाल्याला माहीत. राउटरचा? जोडणाऱ्या पोरानं ठेवला तोच. बँकेला जोडलेला ई-मेल? सेतू केंद्रात कोणीतरी उघडून दिला होता. माल दुकानदाराचा, पैसा दुकानदाराचा, आणि किल्ल्या गावभर.

(दृश्य: माळ्यावरचा धुळीनं माखलेला डीव्हीआर, लुकलुकणारा दिवा.)

कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिला तर काय होतं, हे जगानं पाहिलं आहे. 2016 मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमनं लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याला फार हुशारी लागली नाही. साठेक ठरावीक नावं आणि पासवर्ड तो एकामागून एक लावून पाहायचा, बस. त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला अशाच यंत्रांच्या फौजेनं वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या अमेरिकेतल्या डिन या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास विस्कळीत झाल्या.

आपल्या दुकानाशी याचा संबंध सरळ आहे. कॅमेरा ज्या वाय-फायवर, त्याच वाय-फायवर बिलाचा कॉम्प्युटर. कॅमेरेवाला दुकानात असतानाच त्याच्यासमोर पासवर्ड बदलून घ्या आणि वहीत लिहून कपाटात ठेवा. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय काढता येतं. कॅमेरा त्यावर टाका.

(दृश्य: आठवडी बाजार. ठेल्यावर चिकटवलेला क्यूआर कोड.)

“टाकले ना भाऊ पैसे, हे पाहा.”
“आवाज नाई आला दादा.”
“नेटवर्क नसन. मी काय पळून चाललो का?”

गिऱ्हाईक खरंच प्रामाणिक असेल. पण त्याच्या मोबाइलवरचं हिरवं चिन्ह खोट्या अ‍ॅपवरही उमटतं. आपल्या अ‍ॅपमध्ये नोंद दिसेपर्यंत थांबायचं, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि सकाळी दुकान उघडलं की आपलाच कोड एकदा स्कॅन करून नाव वाचायचं. पाटीवर रातोरात दुसरा स्टिकर चिकटवायला एक मिनिटही लागत नाही.

आमच्या मते खरी काळजी आहे ती एपीके फाइलची, म्हणजे मोबाइलमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलची. व्हॉट्सअ‍ॅपवर ती येते ओळखीच्या नंबरवरून. कधी पीएम किसानच्या नावानं, कधी वाहनाच्या ई-चालानच्या, कधी लग्नपत्रिकेच्या. उघडली की ती मेसेज वाचायची परवानगी मागते. घाईत बोट ‘हो’वर पडतं आणि बँकेचा ओटीपी थेट चोरट्याच्या हातात जातो. मग ती फाइल मोबाइलमधल्या सगळ्या नंबरांना आपोआप पुढं जाऊ शकते. कृषी केंद्रवाल्याकडे पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांचे नंबर असतात, आणि त्याच्या नावानं आलेली फाइल ते बिनघोर उघडतील. औषध कोणतं मारायचं हे ज्याला विचारतात, त्याच्यावर शंका कोण घेणार? म्हणून व्यवहाराचा मोबाइल वेगळा ठेवा, स्वस्तातला का असेना. त्यात बँकेचं अ‍ॅप आणि बँकेला जोडलेलं सिम, बस. व्हॉट्सअ‍ॅप नाही, गेम नाही.

अंगठ्याचंही तसंच. आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीत बनावट ठसे वापरून खाती रिकामी केल्याचे गुन्हे देशात नोंदले गेले आहेत. आधारचे ठसे लॉक करता येतात. मात्र लॉक असताना खताच्या यंत्रावर अंगठा चालत नाही, तेवढ्यापुरतं ते उघडावं लागतं. शेतकऱ्याला हे आधीच सांगा, नाहीतर रांगेत तो हताश होऊन उभा राहील.

(दृश्य: भिंतीवर मोठ्या अक्षरांत 1930.)

पैसे गेलेच तर आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक हाताशी ठेवा. चोरीचा पैसा काही मिनिटांत या खात्यातून त्या खात्यात फिरतो. तक्रार लवकर गेली, तर तो वाटेतच रोखला जाऊ शकतो. बँकेलाही त्याच दिवशी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानं, चूक ग्राहकाची नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं असेल, तर तोटा ग्राहकावर टाकता येणार नाही असं ठरवलं. पिन स्वतः सांगितला असेल, तर गोष्ट वेगळी.

पैसा रोखण्याची ही व्यवस्था कधी निर्दोष माणसालाही अडवते. वरुड-मोर्शीकडचा संत्रा व्यापारी परराज्यातल्या अनोळखी गिऱ्हाइकाकडून रक्कम घेतो. ती कुणाच्या चोरलेल्या पैशातली निघाली, तर त्याच्याही खात्यातली रक्कम गोठते. बिल आणि ट्रकची बिल्टी जागेवर असेल, तर त्याला बँकेत आणि पोलिसांत आपली बाजू मांडता येते. पण दुकान आणि घर एकाच खात्यावर चालत असेल, तर मजुरांची मजुरी, घरचा किराणा आणि मुलीच्या कॉलेजची फी त्याच दिवशी अडते.