आपल्याच विषात वाढणारी बुरशी

काचेच्या तबकडीत पसरत चाललेला हा गडद लाल रंग सर्कोस्पोरा नावाच्या बुरशीने स्वतः तयार केलेला आहे. त्याचे नाव सर्कोस्पोरिन. सोयाबीनचे दाणे जांभळे करणाऱ्या जातीतून कुयामा आणि तामुरा या जपानी संशोधकांनी १९५७ मध्ये तो वेगळा केला.

अंधारात हे द्रव्य फारसे काही करत नाही. प्रकाश पडताच मात्र ते शोषलेली ऊर्जा ऑक्सिजनला देते, त्यातून सिंगलेट ऑक्सिजन हे अत्यंत क्रियाशील रूप निर्माण होते आणि पेशीपटलातील मेद नासू लागतात. पटल फुटले की पानातील पोषक द्रव्ये बाहेर झिरपतात व बुरशीचे पोट भरते. वनस्पती, अनेक जीवाणू, इतर बहुतेक बुरश्या यांना हे विष सोसत नाही. मग त्यातच बुडालेले या बुरशीचे धागे भर उजेडात कसे वाढतात?

सूक्ष्मदर्शकाखाली बघा: धाग्यांबाहेरचे स्फटिक लाल चमकतात, धागे स्वतः हिरवे. पेशीच्या आत बुरशी सर्कोस्पोरिनला क्षपित, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन मिळालेल्या, रूपात ठेवते, आणि या रूपातून सिंगलेट ऑक्सिजन फारच कमी तयार होतो, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पेशीबाहेर पडल्यावर तेच द्रव्य ते इलेक्ट्रॉन गमावून पुन्हा ऑक्सिडीकृत होते, लाल आणि विषारी बनते. शिवाय ते बाहेर काढण्यासाठी पटलात एक वाहक प्रथिनही असते.

या दुसऱ्या तबकडीतील वाण आपल्याच विषाला बळी पडतात. त्यांच्यात नेमके काय बिघडले आहे याचा शोध घेताना संशोधकांच्या हाती एक जनुक लागले. जीवाणूंपासून वनस्पतींपर्यंत ते आढळत होते, पण त्याचे काम कोणालाच ठाऊक नव्हते. १९९९ मध्ये उत्तर मिळाले: ते बी-६ जीवनसत्त्व घडवणारे जनुक निघाले, आणि घडवण्याचा हा मार्ग ई. कोलाय जीवाणूत माहीत असलेल्या मार्गाहून वेगळा होता. हे जीवनसत्त्व सिंगलेट ऑक्सिजनला निष्प्रभ करते, हेही त्याच शोधातून पुढे आले. पिकाच्या रोगावरील औषध शोधण्यापुरतेच काम मर्यादित ठेवले असते, तर या वाटेला कोणी फिरकलेही नसते.

शुगरबीटसह अनेक पिकांची पाने याच गटातील बुरश्या डागाळतात व उत्पादन घटते. वाहक प्रथिनाचे जनुक तंबाखूच्या रोपांत घातल्यावर पानांवरील डाग लहान पडले.