चार पिशव्या, चाळीस किलो

(दृश्य: लातूरचा मोंढा, आडत दुकान, सकाळ.)

लातूरच्या मोंढ्यात आता तूर असो की सोयाबीन, पोतं इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतं आणि आकडा उमटतो. दोन पारड्यांचा तराजू अडगळीत गेला. आज तोच पुसून टांगलाय. सोबत वाळू भरून शिवलेल्या चार पिशव्या आहेत: 1, 3, 9 आणि 27 किलोच्या. अशी वजनं दुकानात मिळायची नाहीत. तिथं 1, 2, 5, 10, 20 चालतात.

काम एवढंच, की या चार पिशव्यांवर 1 ते 40 किलोपर्यंतचं कुठलंही पुरं वजन एका खेपेत तोलायचं.

समजा, ज्वारी हवी 14 किलो. 27ची पिशवी एका पारड्यात टाका. बाकीच्या तिन्ही पिशव्या ज्वारीच्या पारड्यात. ही झाली तेरा किलो वाळू. तिच्यावर ज्वारी ओतत राहा. दांडी आडवी झाली, की ज्वारी बरोबर 14 किलो.

मालाच्या पारड्यात वजन पाहिलं की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडणारच! पण हिशेब चोख आहे, आणि सगळी गंमत त्या पारड्यातच आहे.

आपली जुनी मापं दुपटीची. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. वजनं दुपटीनं वाढवली आणि एकाच पारड्यात टाकली, तर 40 गाठायला सहा लागतात. इथं चारांत भागतं, कारण प्रत्येक पिशवीला तीन जागा आहेत: वजनाचं पारडं, मालाचं पारडं, नाहीतर जमीन. म्हणजेच अधिक एक, उणे एक आणि शून्य. संख्या लिहिण्याची ही संतुलित पद्धत, जिचा पाया दहा नसून तीन आहे: प्रत्येक जागा आधीच्या तिप्पट, आणि अंक फक्त हे तीन. चार पिशव्यांच्या मांडण्या होतात 81. चाळीस अधिक संख्यांच्या, चाळीस उणे संख्यांच्या आणि एक शून्याची. एकही वाया जात नाही, एकही दोनदा येत नाही.

मांडणी काढायची तर तीननं भागत जायचं. चौदाला भागलं, चार आले, दोन उरले. पण दोन हा अंकच इथं नाही. मग भागाकार पाच धरायचा आणि उणे एक लिहायचा. पाचाचं तेच, दोनाचं तेच. शेवटी अधिक एक उरतो, तीच आपली 27ची पिशवी.

आता नुसतं तराजूकडे बघा. 1ची पिशवी जमिनीवर असेल, तर संख्येला तीननं पूर्ण भाग जातो. दोन्ही पारड्यांतल्या पिशव्या मिळून सम असतील तर संख्या सम, विषम असतील तर विषम. कारण प्रत्येक पिशवी विषम किलोची. रोजच्या दशमान आकड्यांत असं चालत नाही. 12च्या अंकांची बेरीज तीन, आणि संख्या मात्र सम. आणि सगळ्या पिशव्यांची पारडी अदलाबदल केली, की 14 चे उणे 14.

फ्रान्सच्या बाशे यांच्या 1612 सालच्या पुस्तकात हे वजनांचं कोडं सापडतं. 1958 साली मॉस्को विद्यापीठात निकोलाय ब्रुसेन्त्सोव्ह यांनी 'सेतुन' नावाचा संगणक याच तीन अंकांवर चालवला. त्यात ऋण संख्येसाठी वेगळं चिन्ह लागत नव्हतं.

(दृश्य: पुन्हा तराजू.)

आणि 41 किलो हवे असतील तर? पाचवी पिशवी, 81 किलोची. उरलेल्या चारही मालाच्या बाजूला. तिथून पुढं 121 किलोपर्यंत काळजी नाही, फक्त ती पिशवी उचलायला दोन हमाल बोलवा.