१४९ कवट्या

पडद्यावर दिसणारे हे साधन म्हणजे कवटी मोजण्याचा कॅलिपर. त्याचे दोन वाकडे पाय कवटीच्या दोन बाजूंना अलगद टेकवायचे, पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत उतरवायचा आणि तेच माप पुन्हा घ्यायचे. कारण हाडाच्या गोलाईवरून टोक किंचित घसरले तरी मिलिमीटरचा फरक पडतो, आणि उजव्या-डाव्या बाजूंतील तफावतच शोधायची असेल तर एवढी चूकही परवडत नाही. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये १४९ कवट्या मोजल्या.

ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेल्या आणि तेथील नदीचे नाव लाभलेल्या इरावतीबाई १९२६ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, त्या तत्त्वज्ञान घेऊन. मुंबईत गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्या समाजशास्त्राकडे वळल्या आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे स्वतःच्याच जातीचा. आपल्याच माणसांकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहण्याची सवय त्यांना येथेच जडली असावी, असे आम्हाला वाटते.

सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा विरोध असूनही १९२८ मध्ये त्या जर्मनीला गेल्या.

बर्लिनच्या डालेम भागातील ही इमारत. आज ती विद्यापीठाच्या ताब्यात आहे. त्या काळी येथे मानवशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती आणि ऑयगेन फिशर तिचे संचालक होते. गोऱ्या युरोपीयांची बुद्धी अधिक तर्कनिष्ठ असते आणि त्याची खूण त्यांच्या कवटीच्या असमतोलात सापडते, हे फिशर यांचे गृहीतक त्यांच्या या भारतीय विद्यार्थिनीने तपासायचे होते. तिने मापे घेतली, वंशावंशांतील आकडे शेजारी शेजारी मांडले आणि असमतोलाचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष गुरूंच्याच संस्थेत लिहून दिला. १९३० मध्ये तिला डॉक्टरेट मिळाली. तत्त्वज्ञानाच्या पदवीधर मुलीला मानवशास्त्राची गोडी लागली ती, आमच्या मते, या मोजमापाच्या टेबलापाशी.

या संस्थेने पुढे नाझी राजवटीची कशी साथ केली, ते भिंतीवरील फलक सांगतो.

आणि हे पुण्याचे डेक्कन कॉलेज. इरावतीबाई १९३९ मध्ये येथे रुजू झाल्या. काही वर्षांनी पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांच्याबरोबर त्या गुजरातेत लांघणजला गेल्या, तेव्हा वाळूच्या थरांतून अश्मयुगीन माणसांचे सांगाडे वर येत होते.